खोळ, कुंची आणि लोकरीची शाल

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती असतात, उखाणे असतात, सहलीचे वर्णन असते. यंदा विणकामावरही काही यावे असे बैठकीत ठरले, आणि मी विणकामाच्या वर्गात असते म्हणून ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा भगिनींनी विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. वाचनालयातून जे मिळाले ते वाचले, गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारले, आणि सुया तर हातात असतातच. नमुना कसा घालावा हे वर्गात दाखवता येते. पण हे नमुने आले कोठून, आणि ते बसविणाऱ्या बायकांची नावे कोठे गेली, हे बोलायला वर्गात सवड होत नाही. म्हणून येथे तेवढेच सांगते.

प्रथम आपल्या गावचे. राजगडाच्या ज्या दरवाज्याला आपल्या पालीचे नाव आहे, त्या दरवाज्याच्या खाली पाऊस कसा पडतो हे तुम्हाला सांगायला नको. आषाढात भाताच्या लावणीला बाई दिवसभर वाकलेली असते. तिचे दोन्ही हात चिखलात, म्हणून छत्री धरायला तिसरा हात नाही. त्यावर आपल्याकडे दोन उपाय होते. एक इरले, बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे, डोक्यावरून पाठीवर उतरणारे. दुसरा उपाय म्हणजे घोंगडीची खोळ. घोंगडीचे टोक दुमडायचे, दोन कोपरे एकत्र आणायचे आणि ते डोक्यावर घ्यायचे. टोकदार टोपी तयार होते, आणि उरलेली घोंगडी खांद्यावरून पाठीमागे कमरेखाली उतरते. घोंगडी नसेल तर रिकाम्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात ढकलायचा, की झाली खोळ. त्यात सुई नाही, दोरा नाही, बटण नाही. काम संपले की खोळ उलगडायची, आणि तीच घोंगडी रात्री अंथरायची किंवा पांघरायची.

आता शहरातल्या दुकानांतून लोकरीची एक नळीसारखी वस्तू मिळते. ती गळ्यात घालतात आणि थंडी वाढली की मागून ओढून डोक्यावर घेतात. तिला इंग्रजीत कौल म्हणतात. हे नाव पहिल्यांदा निघाले तेव्हा वर्गातल्या एकीने विचारले, “घरावरचे कौल की देवाचा कौल?” त्यावर पुष्कळ हसणे झाले. पण त्या शब्दाचा इतिहास वाचला तर आपली खोळच आठवते. युरोपातले मठवासी साधू अंगरख्याला जोडलेली जी टोपी घालीत तिला हे नाव होते. त्याहीपूर्वी रोमन लोकांच्या राज्यात शेतकरी, मजूर आणि वाटसरू पावसाथंडीत टोपीचे आच्छादन घेत, आणि त्याच्या लॅटिन नावावरून हा शब्द आला. म्हणजे तिकडेही ही वस्तू प्रथम उघड्यावर राबणाऱ्यांची होती. मग ती साधूंची झाली आणि हौसेची सर्वांच्या मागून.

घोंगडीविषयी आणखी थोडे सांगते, कारण लोकर म्हटले की आपल्याला रंगीत गुंडेच आठवतात. आपल्या डोंगरावरचे गवळी धनगर म्हशी पाळतात, मेंढ्या नव्हे. मेंढ्यांचे धनगर पूर्वेकडच्या कमी पावसाच्या मुलखातले. पावसाळा संपला की त्यांचे वाडे मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आधी परत चढतात. त्यांची मेंढी दख्खनी. तिची लोकर भरड, बहुधा काळी, अंगाला टोचणारी. ती कातरणे पुरुषांचे काम, पिंजून तिचे सूत काढणे मुख्यतः बायकांचे, आणि मागावर घोंगडी विणणे सनगर लोकांचे. विणण्याआधी सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे सूत ताठ होते आणि तुटत नाही. भिजली तरी लोकर सुतासारखी गार पडत नाही. अशी घोंगडी अनेक वर्षे टिकते. तिच्यावर बिरोबाची पूजा होते, लग्नात पाट मांडायला ती लागते. पण कातलेल्या सुताचा हिशेब कोणी लिहून ठेवला नाही. बाजारात किंमत व्हायची ती घोंगडीची. सूत काढणारीचे काम घरातल्या इतर कामांत मोजले जाई, म्हणजे मोजलेच जात नसे.

मोठ्या माणसांची जशी खोळ, तशी तान्ह्याची कुंची. बारशाला कुंची आली नाही असे घर आपल्याकडे नसेल. कापड खणाचे असो, रेशमी असो की जुन्या मऊ लुगड्याचे, घाट तोच. एक लांबट तुकडा मधोमध दुमडायचा, डोक्यापुरती मागची कड शिवायची, मानेशी चुण्या घ्यायच्या, हनुवटीखाली बंद लावायचा आणि बाकीचे कापड पाठीवर मोकळे सोडायचे. कडेला झालर, गोंडे, मणी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. मला या कुंचीचे फार नवल वाटते. मूल मांडीवर असो की खांद्यावर, वारा लागतो तो टाळूला, कानांना आणि पाठीला. कुंची नेमके तेवढेच झाकते. पुढून छाती मोकळी, म्हणून पाजताना अडचण नाही. निजवताना पाठीखाली टोचणारे बटण नाही. दुपटे घसरले तरी पाठ झाकलेली राहते. आज शिकलेल्या मुली याला डिझाइन म्हणतात आणि त्यासाठी महाविद्यालयात फी भरतात. कुंची बेतणाऱ्या बाईला कोणी फी दिली नाही, आणि कुंचीला कोणाचे नावही नाही.

आता सुयांकडे वळू. मराठीत आपण मागावरचे काम विणणे म्हणतो, खाट विणतो, टोपली विणतो आणि स्वेटरही विणतो. शब्द एक, पण कामे अगदी निरनिराळी. मागावर उभे धागे आणि आडवे धागे असे दोन असतात आणि ते एकमेकांना ताणून धरतात. दोन सुयांच्या विणकामात धागा एकच असतो. तो आपल्याच फासातून फास काढीत जातो. म्हणून घोंगडी दुमडावी लागते आणि लोकरीची टोपी ताणून बसते. हे फासाचे विणकाम फार जुने. इजिप्त देशात अकराव्या ते चौदाव्या शतकांतील सुती पायमोजे सापडले आहेत, आणि त्यांवर निळ्या-पांढऱ्या नक्ष्या आहेत. तेथून हे काम भूमध्य समुद्राकाठाने युरोपात पसरले. आपल्याकडे धाग्याला कमतरता नव्हती, पण साडी, धोतर आणि उपरणे यांच्या देशात ताणून बसणाऱ्या कपड्याची कोणाला गरज पडली नसावी असे मला वाटते.

क्रोशाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो आपल्याला जुना वाटतो, कारण आजीच्या काळापासून दारावरची तोरणे, ताटावरची जाळीची झाकणे आणि टेबलावरचे रुमाल आपण पाहात आलो. पण क्रोशाचे छापील नमुने प्रथम निघाले ते १८२० ते १८३० या दशकात, हॉलंडमधील स्त्रियांच्या एका मासिकात. आणि मुंबईत अमेरिकन मिशनची मुलींची शाळा १८२४ साली निघाली. म्हणजे मुलींच्या शाळा आपल्याकडे निघू लागल्या तेव्हा क्रोशा त्यांच्याकडेही नवाच होता. १८२७ साली सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन शिक्षिका मुंबईस आल्या. पुढे तेव्हाच्या अहमदनगरास त्यांनी अनेक वर्षे मुलींच्या शाळा चालविल्या. अशा शाळांतून वाचन, लेखन आणि सुईकाम बरोबरीने शिकवीत. मुलीला अक्षर शिकवायला घरची माणसे कचरत, पण शिवण शिकते म्हटले की जरा मऊ पडत. सुईच्या मागून पाटी घरात शिरली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

पुण्यात १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी निराधार मुली आणि विधवा यांना आपल्याच जिल्ह्यात केडगावी आणून सांभाळले, आणि त्यांना हाताला काम शिकविले. रमाबाई रानड्यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्याने १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन केले. तेथे शिवण आणि भरतकाम यांचे वर्ग केवळ विरंगुळ्यासाठी नव्हते. माहेरी जागा नाही आणि सासरी मान नाही अशा बाईला चार पैसे स्वतःचे मिळावेत हा हेतू होता. हे मुद्दाम सांगते, कारण सुईकाम म्हणजे खात्यापित्या घरच्या बायकांचा वेळ घालविण्याचा उद्योग, असे आपल्यातल्याच कितीएक जणी म्हणतात. आपल्या जिल्ह्यात तरी त्याची मुळे अशा बायकांपाशी आहेत.

या शाळांतून शिकलेल्या मुली लग्न होऊन गावोगाव गेल्या आणि विद्या त्यांच्याबरोबर गेली. १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघाले. पुढे बायकांच्या मासिकांतून विणकामाचे नमुने येऊ लागले, आणि त्यांची कात्रणे डब्यात ठेवण्याची चाल पडली. पण त्याआधीच भाषेचे एक मोठे काम होऊन गेले होते. विदेशी कामाला आपले शब्द मिळाले होते. क्रोशाची साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब. सुयांवर सुलट टाका, उलट टाका, जाळी. विचार केला की गंमत वाटते. साखळी सोनाराकडची, खांब घराचा, आणि जो खांब उंच होत नाही, नुसता दबून बसतो तो मुका. साखळीला इंग्रजीतही त्याच अर्थाचे नाव आहे, पण खांब या नावाचा तिकडच्या नावाशी काही संबंध नाही. कोणीतरी बाई ओसरीवर बसून दुसरीला शिकवीत होती, समोर दिसला तो खांब तिने शब्दात घेतला, आणि तो सगळ्या महाराष्ट्राला पुरला.

नावांचा विषय निघालाच आहे तर परदेशातली एक हकीकत सांगते. १८५४ साली क्रिमियात इंग्रज आणि रशियन यांची लढाई झाली. तेथील थंडी इंग्रज शिपायांना सोसेना. त्या लढाईच्या बालाक्लावा गावावरून पुढे लोकरीच्या कानटोपीला नाव पडले. आपण तिला माकडटोपी म्हणतो, आणि हिवाळ्यात पहाटे एस.टी.च्या थांब्यावर पाच माणसे असतील तर तिघांच्या डोक्यावर ती असते. त्याच लढाईत घोडदळाचा हल्ला करणारा सरदार कार्डिगन. पुढून उघडणाऱ्या स्वेटरला त्याचे नाव आहे. तेथला सेनापती रॅगलन. गळ्यापासून तिरकी उतरणारी बाही त्याच्या नावाची. तिन्ही नावे रणांगणावरची, आणि ज्यांनी टाके घातले त्यांतल्या एकीचेही नाव त्यांत नाही. उलट १९०० साली दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात म्हाताऱ्या व्हिक्टोरिया राणीने स्वतःच्या हाताने आठ गळपट्टे क्रोशाने विणून शूर शिपायांना देण्यास पाठविले. त्यांवर तिच्या नावाची अक्षरे होती, आणि ते आठही गळपट्टे इतिहासात नोंदले गेले. मी त्या गळपट्ट्यांचे वर्णन वाचले. विणकाम साधेच होते. आपल्या वर्गातली नवी मुलगी पंधरा दिवसांत तसे विणील. पण राणीचे टाके मोजले गेले.

मोजणीवरूनच शेटलंडची गोष्ट सांगावीशी वाटते. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात ही लहान बेटे आहेत. झाडे थोडी, वारा फार, मेंढ्या पुष्कळ. तेथील बायका इतके तलम सूत कातीत आणि इतकी नाजूक जाळी विणीत की सबंध शाल अंगठीतून निघे. घरात जळणासाठी लागणारी वाळली दलदलीची माती पाठीवरच्या टोपलीतून आणताना त्या चालता चालता विणीत. सुईचे एक टोक कमरेच्या पट्ट्यात खोचलेले आणि डोळे वाटेवर. आपल्याकडे डोंगरावरून मोळी आणणाऱ्या बाईला हे चित्र परके वाटणार नाही. त्यांचे नमुने कागदावर नव्हते. आईच्या हातातून मुलीच्या हातात जात. अशी शाल लंडनच्या बाजारात मोठ्या घरच्या बायका घेत. पण विणणारीला पैसा मिळत नसे. गावचा दुकानदार शालीच्या बदली चहा आणि कापड देई, तेही आपल्याच दुकानातले आणि आपल्याच भावाने. घरात पीठ नसले तरी तिने चहा घ्यायचा. १८७२ साली सरकारने या पद्धतीची चौकशी केली. त्या वेळी या बायका चौकशी करणाऱ्यापुढे येऊन बोलल्या, आणि त्यांचे बोलणे छापले गेले. म्हणून दीडशे वर्षांनी ते आपल्यापर्यंत आले.

इतक्या दूर जायला नको. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. तेथे मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशा शिकविला, आणि पुढे हजारो बायका घरी बसून परदेशी जाणारी लेस विणू लागल्या. मारिया मीस नावाच्या जर्मन विदुषी तेथे राहिल्या आणि १९८२ साली त्यांनी त्या बायकांवर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी दाखविले की बाई दिवसाचे सहा-सात तास विणते, तिचा माल समुद्रापार जातो, व्यापारी श्रीमंत होतो, आणि तरी घरचे व दारचे सगळे म्हणतात की ती घरीच असते, रिकाम्या वेळात विणते. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव मालावर आले हे चांगलेच झाले.

आपल्यातल्या काही जणींना याचा अनुभव आहे. चार वर्षांपूर्वी शहरातल्या एका व्यापाऱ्याने आम्हा पाच जणींकडून शाली करून घेतल्या. मजुरी ठरली ती लोकरीच्या वजनावर. जाड लोकरीची साधी शाल जड भरते आणि लवकर होते. बारीक लोकरीची जाळीची शाल हलकी भरते, पण तिला माझ्या हाताला तीन आठवडे लागले. वजन केल्यावर तिला साध्या शालीच्या निम्मीच मजुरी आली. नमुना माझा होता. मी त्याला तसे म्हटले तेव्हा तो म्हणाला, “ताई, नमुन्याचे काय, तुमची हौस झाली.” त्या दिवसापासून हौस हा शब्द मी जपून वापरते.

म्हणून नमुना बसविणे म्हणजे काय, ते एकदा नीट सांगते. पाहणाऱ्याला वाटते की बोटे आपोआप चालतात. तसे नसते. सबंध काम हिशेबाचे आहे. आधी चार इंचांचा एक तुकडा त्याच लोकरीने, त्याच सुयांवर विणून पाहायचा. समजा त्यात २० टाके बसले, म्हणजे इंचाला ५. गळ्यातली खोळ २४ इंच घेराची हवी असेल तर १२० टाके. जाळीचा नमुना ८ टाक्यांचा असेल तर तो १५ वेळा बरोबर बसेल. पण एखादीचे डोके मोठे, तिला २६ इंच हवेत, तर येतात १३०, आणि त्यात ८ चा नमुना बसत नाही. तेव्हा १२८ घ्यायचे, सोळा नमुने, घेर साडेपंचवीस इंचांच्या थोडा वर. अर्ध्या इंचाने काही बिघडत नाही, लोकर ताणते. नमुना मात्र मधेच तुटता कामा नये.

गोल शाल क्रोशाने करताना मधे ६ मुके खांब घालायचे, पुढच्या फेरीत १२, मग १८, मग २४, याप्रमाणे दर फेरीला ६ वाढले तर काम सपाट राहते. कमी वाढविले तर ते वाटीसारखे वळते, आणि आपल्याला टोपी मिळते. जास्त वाढविले तर लाटा येतात, आणि आपल्याला झालर मिळते. एकाच गणिताची ही तीन फळे आहेत. तिकोनी शाल मानेपासून सुरू करतात. ७ टाके घालावेत, आणि दर दुसऱ्या सरीला दोन टोकांना एकेक व मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक असे ४ टाके वाढवावेत. पन्नास वेळा वाढविल्यावर सुईवर २०७ टाके होतात. तोवर सुईवरचा भार चांगलाच जाणवू लागतो. घरात कोणी हाक मारली आणि मोजणी चुकली, की चार सरी उसवणे आले. शाळेत गणितात कच्ची ठरलेली किती बाई हा हिशेब मनात ठेवून, कुकरच्या शिट्ट्या मोजीत आणि मुलांच्या भांडणात लक्ष घालीत विणते. तिला हे गणित आहे असे कोणी सांगितले नाही, एवढेच.

एकदा मात्र आपल्या देशात सगळ्यांनी मिळून या कामाची किंमत ओळखली होती. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला, आणि हिमालयात लढणाऱ्या जवानांना गरम कपडे कमी पडत आहेत हे लोकांना कळले. त्या हिवाळ्यात देशभर घराघरांतून, शाळांतून आणि महिला मंडळांतून सुया चालू झाल्या. स्वेटर, पायमोजे, हातमोजे, कानटोप्या, गळपट्टे. आमच्या एक आत्याबाई तेव्हा पुण्यास शाळेत होत्या. त्या सांगत की मधल्या सुटीत डबा उरकून मुली विणायला बसत आणि बाई टाके तपासीत. ज्यांना बोटांची अडचण जमत नसे त्यांना सरळ गळपट्टे देत. सगळी लोकर हिरवट-खाकी, एका रंगाची. तो रंग विणून विणून डोळ्यांना इतका कंटाळा आला की पुढे आयुष्यभर आत्याबाईंनी त्या रंगाचे काही घेतले नाही. तरी तो हिवाळा त्या अभिमानाने सांगत, कारण तेव्हा “बायका रिकाम्या बसून विणतात” असे म्हणायची कोणाची छाती नव्हती.

त्यानंतर लोकरही बदलली. गिरणीतली खरी लोकर महाग, ॲक्रिलिकची स्वस्त, धुवायला सोपी आणि नाना रंगांची, म्हणून बाजारात तीच राहिली. यंत्रावरचे तयार स्वेटर लुधियानाहून इतके स्वस्त येऊ लागले की हाताने विणलेला परवडेना. विणकाम संपले असे कितीएकांनी म्हटले. पण २०१६ च्या जानेवारीत चेन्नईत देशभरच्या आणि परदेशीच्याही बायकांनी क्रोशाचे तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण केले. त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली, आणि मग ते सुटे करून गरजूंना वाटले. आता मुली मोबाइलवर पाहून विणतात. त्यात मला वाईट काही दिसत नाही. एक मात्र खरे, की मोबाइलवर कोरियातली टोपी सापडते, आपली कुंची सापडायला फार शोधावे लागते.

म्हणून मंडळाने गेल्या दिवाळीपासून एक वही केली आहे. त्यात हातभर नव्हे, बोटभर तुकडा विणून चिकटवायचा, खाली टाक्यांची संख्या, आणि बसविणारीचे सबंध नाव लिहायचे. “अमक्याची सून” किंवा “तमक्याची आई” असे चालणार नाही, हे अध्यक्षबाईंनी पहिल्या पानावरच लिहिले आहे. पंच्याऐंशी वर्षांच्या एक काकू आहेत, त्यांनी आपले स्वतःचे नाव लिहायला सांगताना दोनदा विचारले, “माहेरचे सांगू की सासरचे?” दोन्ही लिहून घेतले. त्यांच्याकडून आम्हाला कुंचीच्या पाठीवरच्या शिंपल्याच्या झालरीचा नमुना मिळाला. तो त्या डोळे मिटून घालतात. सांगता येत नाही म्हणाल्या, म्हणून त्यांच्या शेजारी बसून आम्ही एकेक खांब मोजून घेतला. दोन दुपारी लागल्या.

वहीतला शेवटचा नमुना सर्वांना करता येईल, म्हणून येथे देते. जाड लोकर आणि इंचाला ५ टाके धरून सुईवर ५० टाके घालावेत, म्हणजे १० इंच रुंदी. कडा वळू नयेत म्हणून प्रत्येक सरीला सगळे टाके सुलटच विणावेत. लांबी ६० इंच झाली की टाके बंद करावेत. पट्टी मधोमध दुमडावी आणि दुमडीपासून खाली १० इंच एकच कड शिवावी. ती शिवण पाठीमागे येते. दुमडलेला भाग डोक्यावर टोकदार बसतो, आणि दोन्ही टोके पुढे गळपट्ट्यासारखी २० इंच लोंबतात, ती गळ्याभोवती घ्यावीत. शहरात असली वस्तू टोपीचा मफलर म्हणून विकतात. वहीत तिच्याखाली “पालीची खोळ” असे लिहिले आहे. लावणीला ती घालून जाता येणार नाही, चिखल लागला तर धुण्याचे काम पुन्हा आपल्याच गळ्यात. पण पौषात पहाटे गोठ्यात जाताना दोन्ही हात मोकळे राहतात.